गूळ खाऊन झाल्यावर सापडलेला तांडा

मी एकदा मनावर घेतलं की ते काम झालंच म्हणून समजा! कंपनीत तयार माल तपासायचं काम करतो, त्यामुळे खोट सापडेपर्यंत मला घास गोड लागत नाही. आमच्या सोसायटीची टाकी गळायला लागली तेव्हा प्लंबरने हात टेकले, मी टेकले नाहीत. शेवटी टाकीच बदलावी लागली ती गोष्ट वेगळी, पण गळती नेमकी कुठे आहे हे मीच दाखवलं होतं. तेव्हा स्वतःच्या घराण्याचं मूळ शोधणं मला काय जड जाणार होतं?

आम्ही बंजारा. आमच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला. माझे वडील, बापू, म्हणायचे की चालत राहणं हाच ज्यांचा धंदा, त्यांना कसलं आलंय मूळ गाव! म्हणायचे तसं, पण गणपतीत नाशिकची आमची सोसायटी रिकामी व्हायची, जो तो गावी निघायचा, आणि बापू बाल्कनीत उभे राहून शेजाऱ्यांच्या गाड्या फाटकाबाहेर जाताना बघत राहायचे. मला ते बघवायचं नाही. या डिसेंबरात मी जाहीर केलं, आपण आपला तांडा शोधायला जायचं आणि शोधल्याशिवाय परत यायचं नाही.

माहिती होती ती एवढीच. माझे आजोबा लखन लहान असताना त्यांचे वडील मंगू पवार यवतमाळ जिल्ह्यातून नाशिककडे कालव्याच्या कामावर आले. आजोबा सांगायचे की आपला तांडा ढाणकीच्या बाजूला, आणि तांड्याच्या तोंडाशी बैलांना पाणी पाजायचं दगडी कुंड, एका अंगाने फुटलेलं. बस, यावर मी गाडी काढली. आईने, म्हणजे आमच्या याडीने, ठेवणीतलं लुगडं नेसलं, पेढ्यांचा मोठा बॉक्स घेतला आणि मला बळजबरीने नवा क्रीम शर्ट घालायला लावला. मला वाटलं, सासरचं मूळ गाव बघायचा केवढा हा उत्साह! मी चौतिशी गाठलेला बिनलग्नाचा मुलगा आहे आणि याडी घरातून उगाच पेढे घेऊन निघत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

ढाणकीच्या आसपास तांडे बरेच. पहिल्या तांड्यात कुंड नव्हतं, दुसऱ्यात होतं पण धडधाकट होतं. तिथल्या लोकांनी आम्हाला चहा पाजला आणि तुम्ही म्हणत असाल तर एक कोपरा फोडून देतो, असंही सुचवलं. तिसऱ्या तांड्याच्या तोंडाशी मात्र कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या ढिगाआड एक काळं कुंड दिसलं, एका अंगाने फुटलेलं. बापू गाडीतून उतरले आणि त्या कोरड्या कुंडात हात घालून उभे राहिले. मी फोटो काढला. मोहीम फत्ते झाली होती!

आम्हाला तांड्याच्या नायकाकडे नेण्यात आलं. हरिसिंग नायक पंच्याऐंशीच्या घरातले, अंगाने काटकुळे, पण नजर तीक्ष्ण. घरी आम्ही आमची गोरमाटी बोलतो, पण माझी इतकी मोडकी आहे की नायकांनी दोन वाक्यांतच दया येऊन वऱ्हाडी सुरू केली. मी वेळ न घालवता प्रश्न विचारायला लागलो. इथे सगळे कोणत्या गोताचे? सगळे राठोड. पवार कोणीच नाही? नाही. मग पवारांशी सोयरिकी होतात का? तुमच्या लेकी कुठे कुठे दिल्या? मी विचारत गेलो तसतसा नायकांचा चेहरा खुलत गेला आणि ओट्यावरची माणसं वाढत गेली. इतिहासाबद्दल एवढी आस्था बघून मला भरूनच आलं.

आता तुम्हाला सांगायला हवं. आमच्यात राठोड राठोडांचे भाऊ आणि पवार पवारांचे, एका गोतात लग्न होत नाही. राठोड आणि पवार मात्र खुशाल होतं. त्यामुळे नवा शर्ट घालून, आईबापांना आणि पेढ्यांना घेऊन एखादा पवार मुलगा राठोडांच्या तांड्यात येतो आणि पहिल्याच दमात गोत विचारतो, तेव्हा तो इतिहासासाठी आलेला नसतो. हे त्या ओट्यावर सगळ्यांना माहीत होतं. फक्त बापू अजून कुंडाच्या विचारात होते आणि मी प्रश्नांच्या.

चहा घेऊन ममता आली. नायकांच्या सगळ्यात धाकट्या भावाची, शामरावांची मुलगी. शेतीचं शिकलेली, ढाणकीत तिचं बियाण्या-फवारणीचं दुकान आहे. चहा ठेवून आत जायच्या ऐवजी ती समोरच बसली आणि मला विचारलं की कंपनीत काय करता. मी म्हणालो, खोट शोधतो. मग घरी काय करता, असं तिने विचारलं, तर बापू म्हणाले, "तेच." ती खळखळून हसली. मी गेली बारा वर्षं प्रत्येक गोष्टीत खोट काढत आलोय. तिच्यात मला एकही दिसली नाही.

तेवढ्यात ताटात गूळ आला. नायक म्हणाले, तोंड गोड करा. सकाळपासून पोटात काही नव्हतं, मी चांगला सुपारीएवढा खडा उचलून तोंडात टाकला. टाकला मात्र आणि आतून बायकांची गाणी सुरू झाली! शामरावांनी मला कडकडून मिठी मारली. कोणीतरी बोकड आणायला पळालं.

नायक आणि पंचांसमोर गूळ खाल्ला की आमच्यात सोयरीक पक्की. मला हे ऐकून माहीत होतं, पण तो गूळ हाच हे कसं कळणार? मी याडीकडे झुकून हळूच विचारलं की तू थांबवलं का नाहीस.

"तुझं सकाळपासून मनासारखं चाललंय ना?" याडी शांतपणे म्हणाली. "आता थोडं माझंही चालू दे."

मी तिथेच उभं राहून गैरसमज दूर करायला हवा होता. खरंच हवा होता. पण मी ममताकडे बघितलं. ती म्हणाली, "मले कोनी इचारलं नाई. पन माही ना नाई." मी आणखी एक खडा खाल्ला.

लग्न अक्षय तृतीयेला, हेही ठरलं. सगळं मार्गी लागलं होतं. आणि तेव्हा बापूंनी नायकांना विचारलं, मंगू पवार हे नाव तुम्ही कधी ऐकलंय का? नायकांच्या हातातला कप तसाच राहिला. एकदम डोक्यात प्रकाश पडला, की हा तांडा राठोडांचा, आपला तांडा हाच निघाला तर आपण कोण? ज्या मुळापायी मी आईबापांना गाडीत घालून एवढ्या लांब आणलं होतं, ते मूळ आता सापडता कामा नये! मी ठरवलं, आणि मी ठरवलं की काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. मी नायकांना यंदाच्या कापसाबद्दल विचारलं. बोंडअळीबद्दल विचारलं. ऊन लागतंय, आत पडा जरा, असंही म्हटलं. शेवटी चहा सांडून बघितला. नायकांनी धोतर झटकलं आणि ते बोलायला लागले.

"मंगू आमच्या तांड्याचा नव्हता. त्याची बहीन आमच्या घरात देलती, माह्या मोठ्या बापाच्या पोराले... नाई, माह्या सख्ख्या काकाले. पटकीची साथ आलती त्या साली. नवरा-बायको दोघंबी गेले. लेकरू तेवढं राह्यलं. मंगू आला अन् बहिनीचं लेकरू घेऊन गेला. माहा बाप सांगे, ते लेकरू आपलं व्हय, कधी ना कधी येईन."

म्हणजे मंगू पवार आमचे पणजोबा नव्हते, आजोबांचे मामा होते, आणि आम्ही पवार नव्हे, राठोड! अर्थात आजोबा तेच लेकरू असतील तर. शामराव घाईघाईने म्हणाले की त्या साली अशी किती लेकरं इकडची तिकडं गेली, अन् मंगू काय एकच असते का, जुन्या गोष्टी कायले उकरता. माझे सासरे मला त्या क्षणी फार आवडले.

नायकांनी बापूंना विचारलं, "तुमच्या बापानं कधी सांगतलं का, इथून कसा गेलता तो?"

बापूंनी मान हलवली. वडील माझ्याशी फारसं बोलायचे नाहीत, म्हणाले. नायकांनी उसासा टाकला, मग नाई सांगता येत बावा, असं म्हणून कप खाली ठेवला. शामरावांचा जीव भांड्यात पडला. बापू पेढ्यांच्या बॉक्सची सुतळी बोटाने सरळ करत बसले. चेहरा तोच, बाल्कनीतला.

आणि मला माहीत होतं! आजोबा मुलांशी बोलायचे नाहीत, पण नातवाशी बोलायचे. मला अंघोळ घालताना ते सांगायचे की मी बैलावर बसून आलो. बैलाच्या एका अंगाच्या गोणीत मी, आणि दुसऱ्या अंगाच्या गोणीत माझ्या वजनाला जात्याचा वरचा दगड. दगड गप्प होता आणि मी रडत होतो, म्हणून बैल माझ्याच अंगाला कलायचा. मला ती थाप वाटायची. आता फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. तोंड बंद ठेवलं की अक्षय तृतीयेला लग्न होतं, बियाण्यांच्या दुकानातल्या त्या हसणाऱ्या मुलीशी. मी बराच वेळ बंद ठेवलं, अगदी खरं सांगतो. गूळ संपेपर्यंत ठेवलं. मग बापूंनी नायकांना हात जोडले आणि चला, निघू म्हणून उठले, आणि माझ्याच्याने राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं.

नायक काठी न घेताच उठले. बापूंच्या मनगटाला धरून त्यांनी त्यांना देवळामागे नेलं. तिथे लिंबाखाली जात्याचा खालचा दगड होता, मधल्या खुंट्यासकट. वरचा नव्हता.

"वरचा मंगूनं नेला, पोराच्या वजनाले," नायक म्हणाले. "माह्या बापानं सांगून ठेवलंय, लेकरू आलं तर पयले हे दाखवा."

सत्तरीचे माझे बापू त्या दगडावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. दुरावलेलं माणूस भेटलं की आमच्या बायका गळ्यात पडून गात रडतात. मघाशी माझ्या सोयरिकीची गाणी म्हणणाऱ्या त्याच बायांनी चाल बदलली आणि बापूंच्या गळ्यात पडून हे गाणं धरलं. मीही रडलो. त्यातलं बापूंसाठी किती आणि माझ्यासाठी किती, ते विचारू नका.

याडी मात्र भेदरून हिशेब करत होती. आपण राठोड, तर मी माहेरची कोण? मी जाधव. सासूबाई? चव्हाण. हे जुळल्यावर ती जी खाली बसली ती पाणी पिऊनच उठली. बोकडाला तेवढं कोणत्याच नात्याने सोडलं नाही. जावयासाठी आणलेला तो भावासाठी शिजला.

जेवण झाल्यावर नायकांनी बोटांवर पिढ्या लावल्या. लखन त्यांचा चुलतभाऊ. म्हणजे शामरावांचाही. म्हणजे लखनचा मुलगा भावसिंग, म्हणजे आमचे बापू, आणि शामरावांची मुलगी ममता, ही भाऊबहीण. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बादल, आत्या आहे," बापू म्हणाले. "पाया पड."

आज सकाळपासून मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं, म्हणून पडलो. माझ्याहून सहा वर्षांनी लहान असलेली माझी आत्या दोन पावलं मागे सरली. ती हसली, पण लगेच नाही. मग डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "सुखी राय बेटा."

निघताना ती गाडीच्या खिडकीशी आली. आता ती पूर्ण आत्या झाली होती. "तोंड पाडून कायले बसला? तू आता राठोड झाला. म्हंजे पवाराईच्या पोट्ट्या तुले चालतात. मी पाहातो एखांदी."

ढाणकी मागे पडली. बापू मागच्या सीटवर झोपले होते, तोंडावर हसू तसंच. आणि मी गाडी चालवता चालवता आठवायला लागलो, की कालपर्यंत बहीण मानलेल्या पवारांच्या कोणकोणत्या मुली आपल्या ओळखीच्या आहेत. पहिलीच आठवली ती वर्षा पवार. आमच्याच समाजातली, ऑफिसात माझ्या समोरच्या टेबलावर. माझ्यासाठी डब्यात रोज एक भाकरी जास्त आणायची. एकदा कॅन्टीनमध्ये डोळ्यांत पाणी आणून म्हणाली होती, आपलं गोत एक नसतं तर किती बरं झालं असतं! मी तिला समजावलं, की गोत म्हणजे गोत, त्यात ढिलाई चालायची नाही. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी एकदा मनावर घेतलं की घेतलं. माझा मित्र सुनील जाधव मीच तिला दाखवला, बोलणी मीच केली, आणि तिला सख्खा भाऊ नाही म्हणून गेल्या मे महिन्यात मांडवात नवरदेवाचा कानही मीच पिळला. असा दणकून पिळला, की लोक म्हणाले, भाऊ असावा तर असा!