अठरा सेंटीमीटर

फतहल्ला शिंप्याने मोजपट्टी तीन वेळा लावली आणि तिन्ही वेळा आकडा तोच आला. दोन मीटर सत्त्याऐंशी. खिशातल्या फ्रेंच पत्रात मात्र स्वच्छ लिहिलं होतं की बास्केटबॉलची रिंग जमिनीपासून तीन मीटर पाच सेंटीमीटर उंच असावी. भर दुपार होती, सगळं अलेप्पो जेवून आडवं झालं होतं, आणि क्लबच्या अंगणात फक्त तो आणि शिडी धरून उभी असलेली त्याची बायको मार्ता.

"काय झालं?" मार्ताने विचारलं.

"काही नाही."

"मग खाली का उतरत नाही तुम्ही?"

फतहल्ला उतरला नाही, कारण उतरल्यावर जाणार कुठे हे त्याला कळत नव्हतं. युरोप आणि त्याच्या शेजारच्या देशांतल्या क्लबांची स्पर्धा त्या वर्षी पहिल्यांदाच भरत होती आणि सीरियाचा विजेता म्हणून आमच्या क्लबला त्यात जागा मिळाली होती. दहा दिवसांनी बल्गेरियातल्या सोफिया शहराचा संघ येणार होता. क्लबमध्ये फ्रेंच वाचणारा फतहल्ला एकटाच, म्हणून सचिव तोच आणि पत्रंही त्याच्याच हाती. दोन वर्षांपूर्वी हे अंगण मातीचं होतं. त्यावर सिमेंट घालायची कल्पना त्याची, उभं राहून थर घालून घेतला तोही त्यानेच, आणि थर पातळ नको म्हणून हट्टही त्याचाच. जमीन वर आली. रिंगा होत्या तिथेच राहिल्या.

त्यानंतर आमची पोरं हरलीच नाहीत. देशातलं सिमेंटचं अंगण हे एवढंच, म्हणून अंतिम सामनेही इथेच व्हायचे. दमास्कसवाल्यांचा चेंडू रिंगेवरून पलीकडे जायचा आणि आपल्यांचा अलगद आत पडायचा. लोक म्हणायचे, अलेप्पोचं पाणीच वेगळं.

"पाणी कसलं," फतहल्ला शिडीवरून म्हणाला, "सिमेंट."

त्याने मार्ताला सगळं सांगितलं. तिने विचार करून सल्ला दिला की रिंगा गुपचूप वर सरकवाव्यात आणि देवाचं नाव घ्यावं. मार्ताने फळीला बांधलेला दोर ओढून धरला, त्याने पाना फिरवला, आणि दोन तासांत रिंगांच्या दोन्ही फळ्या अठरा सेंटीमीटर वर गेल्या.

संध्याकाळी सराव सुरू झाला आणि एकही चेंडू आत जाईना. कप्तान अंतून उंच, शांत स्वभावाचा तरुण, टपालखात्यात नोकरीला. त्याचे सलग चौदा चेंडू रिंगेच्या पुढच्या कडेवर आपटून परत आले. तो नुसता हातांकडे बघत राहिला. प्रशिक्षक ओहान्नेस उस्तादांनी सगळ्यांना अंगणाभोवती पन्नास फेऱ्या मारायला लावल्या. दुसऱ्या दिवशी क्लबच्या अध्यक्षांची बायको धूप घेऊन आली, कारण नजर दमास्कसचीच लागली आहे याबद्दल तिला शंका नव्हती. तिसऱ्या दिवशी पाद्री येऊन चेंडूवर पवित्र पाणी शिंपडून गेले. ओला चेंडू आणखीच आखूड पडायला लागला. चौथ्या दिवशी दोन खेळाडू तापाचं निमित्त करून घरी बसले आणि अंतूनने फतहल्लाला बाजूला घेऊन सांगितलं की कप्तानपद दुसऱ्या कुणाला तरी द्या, माझ्यामुळे गावाची लाज जायला नको.

फतहल्लाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो हात त्यालाच जड झाला. पाचव्या दुपारी शिडी पुन्हा बाहेर आली.

"आधी ती चूक होती," दोर धरता धरता मार्ता म्हणाली. "आता ही लबाडी आहे, एवढं लक्षात ठेवा."

"माहीत आहे," फतहल्ला म्हणाला, आणि फळ्या खाली घेतल्या.

त्या संध्याकाळी चेंडू पुन्हा आत पडू लागले. अध्यक्षांच्या बायकोने धुपाला श्रेय दिलं, पाद्रींनी पाण्याला. गावभर आनंद झाला. फतहल्ला मात्र जेवेना, आणि दुकानात एका गिऱ्हाइकाच्या कोटाला त्याने दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

सामन्याच्या दिवशी अंगणाच्या भिंतींवर, गच्च्यांवर, झाडांवर माणसंच माणसं होती. सोफियाचे खेळाडू हात वर करून रिंगेकडे बघत आपसात काहीतरी बोलले. पंच होता एक बुटका ग्रीक म्हातारा. त्याने पिशवीतून घडीची लाकडी पट्टी काढली, शिडी मागवून चढला आणि खालचं टोक धरायला फतहल्लालाच बोलावलं. फतहल्ला गुडघ्यांवर बसला. स्वतःच्याच सिमेंटवर त्याने ते टोक टेकवलं.

म्हाताऱ्याने वरून फ्रेंचमध्ये आकडा आणि त्याबद्दल क्लबला होणारा दंड सांगितला आणि ते लोकांना कळवायला सांगितलं. सगळं अंगण शांत झालं. फतहल्ला उभा राहिला, घसा खाकरला आणि म्हणाला, "पंचसाहेब म्हणतात, अंगण फार सुरेख आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. दंड सांगितल्यावर एवढ्या टाळ्या वाजवणारे यजमान म्हाताऱ्याने उभ्या आयुष्यात पाहिले नव्हते. त्याने शिडीवरूनच छातीवर हात ठेवून मान लववली. तो लवलेला पांढऱ्या केसांचा गोळा बघून फतहल्लाला राहवेना.

"खोटं बोललो," तो म्हणाला. भिंतीवरच्यांनाही ते ऐकू गेलं. "रिंग अठरा सेंटीमीटर खाली आहे. सिमेंट मी घातलं. मला दहा दिवसांपासून माहीत आहे. मध्ये मी वर नेली होती आणि परत खाली आणली, तीही मीच. पोरांचा काही दोष नाही."

कुणी हुर्यो केली नाही, आणि त्याचंच त्याला जास्त लागलं. अध्यक्ष बुटांकडे बघू लागले. मग फळ्या वर नेण्यासाठी पाना शोधायची धावपळ सुरू झाली, तेव्हा ओहान्नेस उस्तादांनी कोटाच्या खिशातून पाना काढला आणि अगदी योग्य मापाचा तो पाना फतहल्लाच्या हातात दिला.

सामना सोफियाने एक्याण्णव विरुद्ध सत्तेचाळीस असा जिंकला. पाहुणे जेवून निघून गेल्यावर अंगणात फतहल्ला, उस्ताद आणि अंतून असे तिघेच उरले. फतहल्लाने विचारलं, "उस्ताद, पाना तुमच्या खिशात कसा?"

ओहान्नेस उस्तादांनी मिशी चोळली. "सिमेंट वाळलं त्याच आठवड्यात मी मोजलं होतं," ते म्हणाले. "रोज सांगेन म्हणत होतो. पण तू त्या थराकडे असा बघायचास, जसा नातू झालाय. माझ्याच्याने बोलवेना. आणि मग आपण जिंकायला लागलो. मग तर अजिबातच बोलवेना."

फतहल्ला अंतूनकडे वळला. "तुला तरी हे माहीत नव्हतं ना, बाळा?"

अंतूनचे कान लाल झाले. "काका, सिमेंट घातलं त्या वर्षी उडी मारली की माझी बोटं अचानक रिंगेला लागायला लागली," तो म्हणाला. "मी घरी सांगितलं की मी अजून वाढतोय. आईने चर्चमध्ये मेणबत्ती लावली. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो."