अण्णांचा डिस्प्ले माझ्या भिंतीवर

शेजारच्या अण्णांकडे कुणी गेलं की ते फाटकाची कडी न काढता विचारतात, "काम काय?" काम नसेल तर पाहुणा तिथूनच परत. सख्खा मेहुणा प्रसादाचा डबा घेऊन आला, तर डबा ठेवून घेतला आणि मेहुण्याला पाठवून दिलं.

अण्णा रेल्वेतून निवृत्त झालेले, विधुर. उत्तरेतल्या या शहरात, सिव्हिल लाइन्समध्ये, आमच्या दोन घरांत एकच भिंत. गेल्या हिवाळ्यात ते न्हाणीत पडले आणि दूधवाला येईपर्यंत तसेच पडून राहिले. पुण्याच्या मुलाने फोनवर निकाल दिला : रोज डोकावणारा माणूस ठेवा, नाहीतर घर विकून इकडे या. स्वतः यायला त्याला रजा नव्हती.

"माणूस नको," अण्णा मला म्हणाले. "माणूस बसतो, चहा मागतो, स्वतःची दुखणी सांगतो. मशीन बघेल."

मशीन म्हणजे त्यांच्या गच्चीवरच्या सोलर कंट्रोलरचा डिस्प्ले. बॅटरी किती भरली, वीज किती खर्च होतेय, ते दाखवणारी साबणाच्या डबीएवढी वस्तू. ती माझ्या स्वयंपाकघरात लावायची. सकाळी अण्णा दिवा लावणार, माझ्याकडे आकडा हलणार आणि मी मुलाला कळवणार : अण्णा आहेत.

जवळच्या चिरगावहून डिस्प्ले लावायला आलेला मिस्त्री चक्रावला. "बाबूजी, ये तो अपने घर में लगता है।"

"हमको अपना हाल मालूम है। इनको नहीं मालूम।"

केबल कमी पडली, तर अण्णांनी स्वतःच काळी टेप गुंडाळून जोड दिला. डिस्प्लेचा पडदा उजळला, पण आकडे येईनात. आधी माझ्या भिंतीची ओल दोषी ठरली, मग माझा कुकर. शेवटी मिस्त्रीने टेप सोडली. आत दोन तारांची अदलाबदल झाली होती.

"रेल्वे में भी ऐसे ही जोड़ते थे, बाबूजी?"

"वहाँ टोकनेवाले नहीं थे।"

आकडे सुरू झाले. मी रोज कळवायचे; मुलगा सुरुवातीला उत्तरादाखल अंगठा पाठवायचा, पुढे तेही थांबलं. एकदा अण्णांनी भिंतीवरून विचारलं, "काय म्हणतो?"

"बरा आहे."

"त्याचं नाही विचारलं. डिस्प्लेचं."

परवा सकाळी पडदा पार काळा. माकडांनी केबल तोडली असेल म्हणून मी आधी पोळ्या आटोपल्या. मग केबल चाचपत त्यांच्या गच्चीपर्यंत गेले. कुठेच तुटली नव्हती. फक्त कंट्रोलरमधून प्लग काढून नीट बाजूला ठेवला होता.

खाली अण्णा इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. समोर चहाचे दोन कप.

"प्लग कुणी काढला?"

"मीच. चाचणी घेतली."

"मग काय निघालं?"

त्यांनी चमच्याने साय बाजूला केली आणि एक कप माझ्याकडे सरकवला. "चहा गार होईपर्यंत कुणी येत नाही, एवढं निघालं."

मी प्लग लावायला उठले.

"राहू दे गं," ते म्हणाले. "आधी चहा संपव."