पाच ओळींचा इंग्रज, चार ओळींची रशियन

आमच्या शेजारच्या देसले सरांकडे वाटीभर साखर मागायला गेलं की आधी एक इंग्रजी धाटणीची कविता ऐकावी लागे, मग एक रशियन. दोहोंतली कोणती जास्त हसवते हे सांगितल्याशिवाय साखर मिळत नसे.

सर शहापूरच्या शाळेत इंग्रजी शिकवत. रशियन त्यांनी मुंबईच्या फूटपाथवर घेतलेल्या पुस्तकावरून शिकलेलं. रशियन माणूस त्यांनी कधी पाहिला नव्हता. इंग्रज पाहिला होता, पण तो आटगाव स्टेशनात गाडीच्या खिडकीशी झोपलेला.

"शिवणबाई, ऐका. हे लिमरिक, इंग्रजांची पाच ओळींची गंमत." मी शिवणाचे वर्ग घेई म्हणून मी शिवणबाई.

मुरबाडचा होता एक न्हावी,
म्हणे, "मिशी बैलालाही द्यावी."
बैल पाही आरशात,
लाजे मनातल्या मनात,
अन् शेपटाला तेल लावी.

"आणि ही चास्तुश्का. रशियातल्या खेड्यांत बायका ही गातात, चारच ओळी."

माझ्या धन्यानं घेतली सायकल,
घंटी गावभर वाजवतो;
ब्रेक नाय तिला, चेन नाय तिला,
मी ढकलते, तो मिरवतो.

"फरक कळला? लिमरिकवाला परगावच्या माणसाला हसतो. चास्तुश्कावाली स्वतःच्याच घराला हसते. शिवाय एकीनं म्हटली की दुसरीनं उत्तर द्यायचं असतं."

"सर, साखर."

"आधी मत."

मी बैलाला मत दिलं. चहा उकळत होता.

सर बिनलग्नाचे. बहीण वारली, मेहुण्यानं दुसरं घर केलं, तेव्हा लहानगी सुमन त्यांच्याकडे आली ती तिथंच वाढली. तिचं लग्न ठरलं मुरबाडला, मुलाच्या दारी. आमच्याकडून बायामाणूस म्हणून मी एकटीच गेले.

तिथंच घोळ झाला. पंगतीत विहिणी एकमेकींना गाण्यातून चिमटे काढतात, आणि चिमट्याला उत्तर द्यावंच लागतं. मुलीकडच्या गप्प बसल्या तर 'मुक्यांची पोर' हे नाव पोरीला कायमचं चिकटतं. शिलाईचं यंत्रही माझ्याहून सुरात चालतं. पहिली पंगत बसली, सर हौसेनं वरणाची बादली घेऊन वाढायला निघाले आणि पलीकडून सुरू झालं:

शहापूरच्या विहिणी गेल्या कुठं गो?
वरण वाढाया मास्तर पुढं गो!

बायका खिदळल्या. वरमाय म्हणाली, "गा ना गो बाय! का दातखीळ बसली?" मी भाताकडे बघत राहिले. सुमनचा चेहरा उतरला.

वरणाची बादली खाली ठेवून सर पुढे झाले. "मुरबाडचा होता एक न्हावी—"

पाचही ओळी झाल्या. कोणी हसलं नाही. मुरबाडच्या एका आजोबांनी फक्त विचारलं, "बैल कोनाचा व्हता?"

मी सरांचं उपरणं ओढलं. "सर, परगावच्यांना हसायचं सोडा. आपल्या घरचं म्हणा."

सरांनी घसा खाकरला. मग, भर मांडवात, अगदी बायकांच्या चालीत, डोक्यावर उपरण्याचा पदर घेऊन गायले:

विहीणबाय, मीच मावशी, मीच आत्या,
मिशीला माझ्या हसा गो;
भाकर करपते, वेणी वाकडी येते,
पोरीला पोटाशी धरा गो.

मांडव असा हसला की पंगतीत वाढपी भात कुठे वाढतोय हे कोणी बघेना. वरमायेनं उत्तर सुरू केलं खरं, पण दुसऱ्या ओळीलाच पदर तोंडाला लावला. शेवटी म्हणाली, "मास्तर, तुमी जेवाया बसा आता. आमी वाढतो."

सर सुमनच्या शेजारी बसले. डोक्यावरचा पदर काढायचं त्यांच्या ध्यानातच नव्हतं. सुमन कितीतरी वेळ पानातला भात चिवडत होती.

"मामा," ती हळूच म्हणाली, "वेणी कधीच वाकडी नव्हती."

सरांनी मान डोलावली आणि घास घेतला. वरणात मीठ राहून गेलं होतं, पण ते त्यांच्या जिभेला कळलंच नाही, आणि मीही सांगायला गेले नाही.