कवळीखालचा भाडेकरू

नातीची भीती जावी म्हणून मी डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत बसलो. माझी चूक एवढीच.

नात नऊ वर्षांची, माझ्याच तालमीतली. (आजीच्या पाठीवर गुपचूप कागद चिकटवायला तिला मीच शिकवलं.) समोरचा एक दात आला, शेजारचा येईना. पोरगी हसताना तोंडावर हात धरू लागली. एक्स-रेला नेलं, तर तोंड मिटलं ते मिटलंच. (हा गुण आजीकडून आलेला नाही.)

"आजोबा आधी!"

"हात्तिच्या! काढा माझा फोटो!" मी ऐटीत म्हणालो. चार वर्षं कवळी वापरतोय, स्वतःचा दात औषधालाही नाही. रिकाम्या घराला चोराची कसली भीती?

दोन्ही फोटो उजेडावर लागले.

"बघ, तुझा दात हिरडीत आडवा झोपलाय," डॉक्टरीणबाई नातीला म्हणाल्या. "हिरडी जराशी उघडायची, दाताला बटण चिकटवायचं, बटणाला बारीक साखळी लावायची आणि तारेने हळूहळू खाली ओढायचं. काही महिन्यांत जागेवर!"

"दुखेल?"

"आधी बधिर करणार ना!" मग माझ्याकडे वळून, "आजोबा, कवळी टोचते का हो?"

"टोचते तर! बनवणारा गाढव आहे. रोज शिव्या घालतो त्याला."

"तो बिचारा निर्दोष आहे. तुमचाही एक सुळा आत आडवा झोपलाय, लहानपणापासून. कापून काढावा लागेल."

नातीने टाळ्या पिटल्या. "आजोबांचं पण ऑपरेशन? मग मी तयार!"

आठ दिवसांनी ती आधी आत गेली. बाहेर आली ती सुजलेला ओठ मिरवत, फ्रॉकवर गोल स्टिकर लावून. आता माझी पाळी.

"आधी हिची आजी बसू दे," मी म्हणालो.

"माझे सगळे शाबूत आहेत," ही कडाडली. "चाळीस वर्षं तुमच्यावर दात खाऊन घट्ट झालेत. व्हा आत!"

शेवटी नातीने हात धरून मला खुर्चीपर्यंत नेलं, छातीवर थोपटलं. मी डोळे मिटले. सुळा निघाला. मी हूं की चूं केलं नाही. (तोंडात कापूस होता.)

परतताना रस्त्यात जो तो माझ्याकडे बघून हसत होता. माझ्या धाडसाची बातमी पसरली म्हणायची! मीही छाती काढून चाललो.

घरी शर्ट उतरवला, तर खिशावर तेच गोल स्टिकर: 'शूर मुलगी'.