चार प्रौढ, मूल शून्य

माणूस सज्ञान झाला की त्याच्यावर विश्वास ठेवता येत नाही, या पायावर जगभरचा लॉजधंदा उभा आहे, आणि पाया भक्कम आहे. नवरा-बायको आणि कडेवर मूल असेल तर कोणी काही विचारत नाही. मूल हे चारित्र्याचं चालतंबोलतं प्रमाणपत्र असतं (रडत असेल तर अधिकच ग्राह्य). एकटा पुरुष कामानिमित्त आला आहे, असं मानण्याचीही उदार प्रथा आहे. परंतु दोन पुरुष, दोन बायका, सगळे पन्नाशीच्या अलीकडेपलीकडे आणि मूल शून्य, ही बेरीज कुठल्याच रजिस्टरात बसत नाही.

अशी एक बेरीज मंगळवारी दुपारी साडेतीनला शहरात बसमधून उतरली. चौघं सख्खी भावंडं होती. थोरले अण्णा जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या पाठची मधली टपाल कचेरीत, रजिस्टर पत्रांच्या खिडकीवर. तिच्यामागचा बापू बस डेपोत मेकॅनिक, आणि धाकटी औषधांच्या दुकानात.

त्यांचे चौऱ्याऐंशी वर्षांचे वडील न्हाणीघरात पडले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि शहरातल्या इस्पितळात दुसऱ्या दिवशी सकाळी आठला शस्त्रक्रिया ठरली होती. संमतीपत्रावर एकाची सही पुरणार होती. पण एकाने सही केली आणि काही बरंवाईट झालं, तर उरलेले तिघं जन्मभर ऐकवतील, याची चौघांनाही सारखीच खात्री होती. म्हणून प्रेमापोटी चौघंही आले. वॉर्डात नातेवाइकांना रात्री थांबू देत नाहीत, त्यामुळे चार पाठी टेकायला जागा हवी होती. एवढाच प्रश्न होता.

पहिल्या लॉजवर पाटी होती, 'फक्त फॅमिलीसाठी'.

"आम्ही फॅमिलीच आहोत," अण्णा म्हणाले.

"मुलं कुठे आहेत?"

"आम्हीच मुलं आहोत," बापू म्हणाला. तिथला संवाद तिथेच संपला.

दुसऱ्या लॉजने दोन खोल्या देऊ केल्या, पण जोडीजोडीने, आणि विवाहाचा दाखला दाखवून. धाकटी "शी!" म्हणाली आणि थेट रस्त्यावर आली. तिसरीकडे बायकांना खोली मिळत होती, मात्र सोबत जबाबदार पुरुष हवा होता. दोघी बहिणींनी मिळून अण्णा आणि बापूकडे पाहिलं. काउंटरवरच्या माणसानेही पाहिलं. मग सगळ्यांनीच विषय सोडून दिला. चौथ्या ठिकाणी 'खोल्या रिकाम्या आहेत' या पाटीखाली बसून एक गृहस्थ म्हणाले, खोल्या नाहीत. पाटीचं काय, असं मधलीने विचारलं, तेव्हा ती भिंतीवरच रंगवलेली असल्याने काढता येत नाही, असा खुलासा मिळाला.

या चार काउंटरांमागे खिळ्यांना लटकलेल्या किल्ल्या अण्णांनी सवयीने मोजल्या होत्या. एकूण एकसष्ट. म्हणजे माणशी सव्वापंधरा खोल्या.

सहा वाजत आले होते. बापूची चप्पल तुटली होती, धाकटी कोणाशी बोलत नव्हती आणि मधलीच्या हातातली पिशवी (टॉवेल, औषधं, वडिलांचा चष्मा) दर चौकाला जड होत होती. पाचवा लॉज इस्पितळाच्या मागच्याच गल्लीत निघाला. तिथला मॅनेजर काटकुळा, सुती बनियनवर जाकीट घातलेला. नाही म्हणण्याची त्याला घाई नव्हती. त्याने चौघांची ओळखपत्रं काउंटरवर पत्त्यांसारखी मांडली आणि चष्मा वर सरकवला.

"चार माणसं, चार आडनावं."

"आम्ही दोघी लग्न झालेल्या," मधली म्हणाली.

"आणि हे दोघे?"

दोघांच्या आडनावात एका कान्याचा फरक होता. बापूचं ओळखपत्र काढताना कारकुनाने तो काना खाल्ला होता. अर्ज करून तो परत मिळतो, पण बापूने अकरा वर्षं तो मागितला नव्हता.

"भावंडं असल्याचा पुरावा काय?"

मधलीने पिशवी खाली ठेवली. एकतीस वर्षं तिने खिडकीतून माणसं परत पाठवली होती, पुरावा आणा म्हणून. एकदा एका बाईला तिच्या सख्ख्या आईचं पत्र दिलं नव्हतं. आज तिला मॅनेजरचा राग यायला हवा होता. आला तो आदरच. माणूस नियमाने चालत होता.

"पुरावा नसेल तर चौकशी करावी लागेल," मॅनेजर म्हणाला. त्याने एकेकाला जिन्याखाली, पाण्याच्या पिंपाजवळ बोलावलं आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, "तुमचे वडील कोणाकडे राहतात?"

अण्णा म्हणाले, "धाकटीकडे. तिचं घर तळमजल्यावर आहे ना."

धाकटी म्हणाली, "बापूकडे. घरात दोघंच असतात ती, जागाच जागा."

बापू म्हणाला, "अण्णाकडे. वडील थोरल्याकडेच असतात की."

मधलीची पाळी शेवटची. तिने आधी पिंपातलं पाणी घेतलं, पेला विसळून पालथा ठेवला. मग म्हणाली, "एकटे राहतात. भाड्याच्या दोन खोल्यांत. पडले तेव्हा शेजारणीला दुसऱ्या दिवशी कळलं."

मॅनेजरने चारही उत्तरं सगळ्यांसमोर वाचून दाखवली. (कार्यपद्धतीत पारदर्शकता असावी लागते.) त्यानंतर काय झालं ते सांगायला नको, पण सांगतो.

"माझ्याकडे? कधी आले होते माझ्याकडे?" धाकटीने तोंड उघडलं. "दोन वर्षांपूर्वी चार दिवस!"

"आणि पाचव्या दिवशी तूच त्यांना बसमध्ये बसवून दिलंस!" बापू म्हणाला.

"तू तर फोन पण करत नाहीस, बापू. आणि त्यांचा रेडिओ नेलास तो?"

"दुरुस्तीला नेलाय!"

"चार वर्षं? रेडिओ दुरुस्त करतोयस की नवीन जन्माला घालतोयस?"

"हळू बोला," अण्णा ओरडले, "इथे लोक आहेत!"

"लोकांचंच पडलंय तुला, अण्णा. आयुष्यभर लोकांच्या हद्दी मोजल्यास, बापाला एक खाट टाकायला जागा नाही सापडली तुला!"

हे मधली बोलली होती. बोलल्यावर तिलाच धाप लागली. वरच्या मजल्यावरची दोन गिऱ्हाइकं जिन्यात येऊन उभी राहिली होती.

मॅनेजरने शांतपणे खिळ्यावरची किल्ली काढली. "सात नंबर. दोन खाटा, दोन जादा गाद्या. फॅमिली म्हणून नोंद करतो."

"पटलं तुम्हाला?" बापूने विचारलं.

"लबाड माणसांची उत्तरं जुळतात, साहेब. घरून पाठ करून येतात. एवढा गोंधळ सख्ख्यातच असतो."

सकाळी शस्त्रक्रिया उत्तम झाली. शुद्धीवर आल्यावर वडिलांनी चौघांना एका ओळीत उभं पाहिलं आणि घाबरून विचारलं, "कोण गेलं?"

कोणी गेलेलं नाही, हे त्यांना पटवून देईपर्यंत नर्स एक फॉर्म घेऊन आली. शनिवारी दुपारी सुट्टी मिळणार. पुढचे तीन महिने जिना चढायचा नाही, एकटं राहायचं नाही. 'रुग्ण कोठे राहणार' हा रकाना तेवढा भरून द्या.

व्हरांड्यात सभा भरली. अण्णांच्या घराला चौतीस पायऱ्या होत्या (दोनदा मोजलेल्या). धाकटीच्या तळमजल्याला ओल होती आणि ओल हाडाला वाईट. बापूच्या रात्रपाळ्या होत्या. मधलीच्या घरात मुलाची खोली होती. मुलगा परगावी नोकरीला, पण कपाट त्याचं होतं आणि तो कधीही येऊ शकत होता. गेल्या तीन वर्षांत तो दोनदा आला होता. हे तिने सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नाही.

ती खाली उतरली आणि तिने कालच्या लॉजवर फोन लावला. तळमजल्यावर एखादी खोली, तीन महिन्यांसाठी?

"कोण राहणार?"

"वडील."

"सोबत?"

"कोणी नाही."

"एकट्या म्हाताऱ्या माणसाला देत नाही आम्ही. त्यांना मुलंबाळं नाहीत का?"

"आहेत," मधली म्हणाली. "चार. काल तुम्हीच खात्री करून घेतलीत."

 पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. मधली तिथेच पायरीवर बसली. खाली आल्यापासून वडिलांचा चष्मा तिच्या पदरात होता. वर ते तसेच, काही न दिसता, छताकडे बघत पडले असतील, हे तिला आठवलं आणि ती उठली.

रकाना अजून कोरा आहे. मुदत शनिवार दुपारपर्यंत. हे वाचत असताना तुमच्याही डोळ्यांपुढे एखादी हवेशीर, तळमजल्यावरची, विनावापर खोली आलीच असेल. ती तुमच्या भावाच्या घरातली आहे ना?