जोडणीचा कागद

माझ्या लग्नात ताकसांडे काकाजींनी अक्षता टाकल्या नाहीत. हजर होते, पहिल्या रांगेत होते, मुठीत तांदूळही घट्ट धरले होते. मंगलाष्टकं संपली, वाजंत्री सुरू झाली, सगळा मांडव आमच्यावर तांदूळ फेकून जेवायला पळाला आणि काकाजींनी आपली मूठ खिशात घातली. माझ्या सासऱ्यांनी ते पाहिलं. आमच्याकडून काही राहिलं का, असं त्या बिचाऱ्यांनी हात जोडून विचारलं. काकाजी म्हणाले, पोराची चौकशी झाली, पोरीची चौकशी झाली, दोघंही आपापल्या ठिकाणी चांगले आहेत. पण दोघांना जोडून अजून कोणी पाहिलंय?

त्यानंतर एक वर्ष आणि आठ दिवसांनी सकाळी साडेसातला आमच्या दाराची कडी वाजली. काकाजी आत आले, पाणी प्याले आणि माझ्या बायकोला विचारलं, "त्रास देते काय हा?" ती म्हणाली, देतात, पण चालण्यासारखा. मग त्यांनी खिशातून पुडी काढली, आम्हाला शेजारी शेजारी उभं केलं आणि तांदूळ टाकले. आमचं लग्न त्यांच्या हिशेबाने त्या दिवशी लागलं. बायको अजून लग्नाचे दोन वाढदिवस धरते.

काकाजी चौतीस वर्षं कोळसा खाणीत इलेक्ट्रिशियन होते. खाणीच्या पोटात वायू असतो आणि त्याला एक ठिणगी पुरते. त्यामुळे खाली जाणाऱ्या प्रत्येक वस्तूवर मान्यतेचा शिक्का लागतो. त्यातही गंमत अशी, की दिवा पास असेल, वायर पास असेल, बटण पास असेल, तरी तिन्ही जोडून खाली न्यायचे म्हटले की जोडणीचा कागद वेगळा. "जोडली का नवी वस्तू झाली, बापू," हे काकाजींचं पालुपद. निवृत्त होऊन ते वर आले, वणीत आमच्या गल्लीत घर बांधलं आणि हा नियम वरच्या सगळ्या जगाला लावायला घेतला. काकूंनी एकदा नव्या कुकरला जुन्या कुकरची शिट्टी बसवली, तर तीन शिट्ट्या होईपर्यंत काकाजींनी काकूंना आणि शेजाऱ्यांना अंगणात उभं करून ठेवलं. वरण चांगलं शिजलं होतं. काकाजींनी ते खाल्लं, पण कुकर पास झाला असं शेवटपर्यंत कबूल केलं नाही.

काकू त्यांना पुरून उरणाऱ्या होत्या. कुठी चालले, काहून चालले, टेस्टर सैपाकखोलीत कायले आणला, अशा प्रश्नांचा दिवसभर रतीब असे. काकाजी एकेका प्रश्नाला मुद्देसूद उत्तर देत. काकूंचं उत्तराकडे लक्ष नसे, तोवर त्यांचा पुढचा प्रश्न तयार असे. मूलबाळ नव्हतं, पण त्या घरातून बोलण्याचा आवाज कधी थांबलेला मी ऐकला नाही. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या.

माझं चौकात ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. काकाजी अधूनमधून येत, माझ्या एक्स्टेन्शन बोर्डाकडे नापसंतीने बघत आणि जात. एका रविवारी संध्याकाळी मात्र ते तरातरा आले आणि म्हणाले, राजूरच्या पोरींना नेट द्यायचं आहे.

राजूरला विहाराच्या मागच्या खोलीत मुलींची अभ्यासिका आहे. दहा-बारा मुली तिथे स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. खोलीत पुस्तकं आहेत, पंखा आहे, फक्त रेंज नाही, कारण गाव आणि टॉवर यांच्यामध्ये खाणीतून उपसलेल्या मातीचा ढिगारा उभा आहे. ढिगारा कसला, डोंगरच. सराव परीक्षा ऑनलाइन, म्हणून मुली फोन घेऊन त्या ढिगाऱ्यावर चढायच्या. त्या आठवड्यात प्रणाली नावाची मुलगी तिथून घसरली आणि तिचा डावा हात प्लास्टरमध्ये गेला. काकाजी दर रविवारी विहारात जातात, त्यांनी ते प्लास्टर पाहिलं आणि थेट माझ्याकडे आले.

नेट लांबवर फेकणारा बाजारातला तयार डबा लावून पाहिला, तो तेवढ्या लांब पोचेना. मग काकाजींनी स्वतःच जुळवाजुळव केली. वायरलेसचं कार्ड एकीकडून, मोठी अँटेना दुसरीकडून, वीज देणारा अडॅप्टर तिसरीकडून, आणि हे सगळं बसवायला वेल्डिंगवाल्याकडून पत्र्याचे दोन सारखे डबे. बेत असा, की एक माझ्या दुकानाच्या गच्चीवर, एक राजूरच्या पाण्याच्या टाकीवर, दोघांची एकमेकांकडे तोंडं. नेट माझ्या दुकानातून निघायचं आणि ढिगाऱ्याच्या डोक्यावरून उडी मारून अभ्यासिकेत उतरायचं. पंधरा दिवसांत डबे तयार झाले. मी म्हटलं, चला, करा चालू.

काकाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी खाणीत बिडी पेटवली. कार्डाचा मान्यतेचा कागद होता, अडॅप्टरचाही होता. पण कार्ड तपासलं होतं ते बोटभर अँटेनासोबत. त्याला परातीएवढी अँटेना लावली की त्याचा जोर वाढतो, तो दुसऱ्याच्या लहरींत घुसू शकतो, मग जुना कागद काय कामाचा? मी इंटरनेटवर शोधलं, तर खरंच, अशा जोडलेल्या उपकरणाला दिल्लीची वेगळी मान्यता लागते, आधी प्रयोगशाळेत तपासणी आणि मग अर्ज. हे वाचून दाखवलं तेव्हा काकाजींचा चेहरा उजळला. जगात आपण एकटे नाही हे त्यांना त्या दिवशी कळलं असावं.

एक डबा नागपूरच्या प्रयोगशाळेत गेला आणि चार दिवसांत त्यांचा फोन आला, की हा उघडायचा कसा. खाणीतल्या रिवाजाप्रमाणे काकाजींनी डब्याला खास तिकोनी बोल्ट बसवले होते. ते साध्या पान्याने उघडत नाहीत, आणि त्यांची चावी खाणीत फक्त इलेक्ट्रिशियनच्या खिशात असते. मी म्हटलं, चावी कुरिअर करू. काकाजी म्हणाले, चावी कुठं एकटी जाते काय? ते स्वतः एसटीने नागपूरला गेले, डबा उघडून दिला, आणि चावी ठेवून जा म्हटल्यावर नाही म्हणाले. तपासणी चालली तितके दोन दिवस प्रयोगशाळेच्या बाहेरच्या बाकावर चावी खिशात घेऊन बसून राहिले. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन आले. जोर मर्यादेत होता.

मग दिल्लीशी पत्रव्यवहार सुरू झाला. तिकडचे कोणी अधिकारी एकेक शंका पाठवत आणि काकाजी उत्तर सांगत, मी टाइप करत असे. निर्माता कोण, असं त्यांनी विचारलं. काकाजींनी कार्डवाल्यापासून वेल्डिंगवाल्यापर्यंत सगळ्यांची नावं दिली आणि खाली लिहायला लावलं, जोडणारा मी. मॉडेलचं नाव काय? एक. एकच का? दुसरा प्रकार केला तर त्याला दोन म्हणू. उपकरण कुठे वापरणार, या एका ओळीच्या प्रश्नाला काकाजींनी चार पानं सांगितली. त्यात ढिगाऱ्याची उंची होती, टाकी कोणी रंगवली ते होतं आणि प्रणालीचा हातही होता. मी त्याचं इंग्रजीत तीन ओळींत आटोपलं. काकाजी पडद्यावर वाकून बघत आणि तक्रार करत, की माझं एवढं लांब होतं, तुझं एवढंसंच काहून?

रोज अकराला ते दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून दुकानात हजर. मेल उघडायला शिकले. नवी शंका आली असली की त्या दिवशी चहा त्यांच्याकडून. मला वाटे, म्हातारा खाणीतल्यासारखी ड्यूटी करतोय. मी गिऱ्हाइकांना ही गंमत रंगवून सांगत असे.

तिकडे मुलींचा धीर सुटत चालला होता. येत्या रविवारी मोठी सराव परीक्षा होती, त्यात पुढे आलेल्यांना यवतमाळच्या मोफत वर्गात जागा मिळणार होती. प्रणाली दोनदा दुकानात येऊन गेली. हात गळ्यात, पण बोलणं स्पष्ट. तिने विचारलं, आबाजी, रविवारपर्यंत होईल ना, नाहीतर आम्ही पुन्हा वर चढतो. काकाजी म्हणाले, दिल्लीशी अजून बोलणं चालू आहे. ती तशीच निघून गेली. मला ते पाहवलं नाही.

काकाजी गेल्यावर मी मेल उघडून बघितला, आता कोणती शंका अडली आहे ते पाहावं म्हणून. शंका नव्हतीच. मान्यतेचं प्रमाणपत्र आलं होतं, तेही नऊ दिवसांपूर्वी. काकाजींनी ते उघडलं होतं. त्याच दिवशी, मी जेवायला घरी गेलो असताना, त्यांनी एकेक अक्षर शोधून मराठीत उत्तरही धाडलं होतं. लिहिलं होतं, "महोदय, मान्यता मिळाली, आभारी आहे. तथापि आपणाकडून काही बाबी विचारायच्या राहिल्या असाव्यात. डब्याचा रंग कोणता, रबर किती जाडीचे, पावसाळ्यात देखभाल कोण करणार. विचारल्यास तात्काळ उत्तर देईन." त्यावर दिल्लीने काही विचारलं नव्हतं. प्रमाणपत्र दिल्यावर कोण कशाला विचारतंय?

मला भयंकर राग आला. एका मुलीचा हात मोडला, बाकीच्या दहाजणी रविवारी तिथेच चढणार, आणि हा माणूस पत्रापत्री खेळतोय. दुसऱ्या दिवशी अकराला ते आले, तेव्हा मी पडदा त्यांच्याकडे वळवला आणि हे काय आहे म्हणून विचारलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. स्टुलावर बसले.

"घरी मले आता कोणी काही इचारत नाही, गजू," ते म्हणाले. "कुठी चालले, कवा आले, काहीच नाही. हा दिल्लीवाला इचारे. कागद आला, आता तोही नाही इचारत."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मलाच लाज वाटली. दोन वर्षांत मीही त्या माणसाला जन्मतारीख आणि पिनकोड सोडून काही विचारलं नव्हतं, आणि वर त्याच्या गमती सांगून लोकांना हसवलं होतं. काकाजी स्वतःच उठले. चुकलं माझं, पोरी वर चढायला नको, असं म्हणाले आणि शिडी मागितली.

शनिवारी राजूरच्या टाकीवर डबा चढला. सत्तरीला आलेला माणूस स्वतः वर गेला, कारण बोल्टची चावी दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. रविवारी सकाळी आठपासून ते माझ्या गच्चीवर दुसऱ्या डब्याशेजारी उन्हात बसून होते. काही बिघडलं तर हात तिथेच हवा. अकराला परीक्षा सुरू झाली, एकला संपली. दोन दिवे लुकलुकत होते ते शेवटपर्यंत लुकलुकत राहिले. काकाजी खाली आले, स्टुलावर बसले, आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. प्रणालीचा मेसेज होता. त्यांनी तो वाचला, मग मला वाचायला दिला. "पेपर झाला आबाजी. सगळ्याजणींचा झाला. नेट एकदाही गेलं नाही. तुम्ही जेवले का?"

दिल्लीला चार पानं सांगणाऱ्या माणसाचा अंगठा अक्षरांवरून नुसता फिरत राहिला. पाच मिनिटांनी त्यांनी दोन शब्द टाइप केले, "हो जेवलो", आणि पाठवून दिले. मग फोन खिशात ठेवला, बाहेर काढला, परत ठेवला. त्यांची चुळबुळ थांबेना. सकाळपासून त्यांच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं, हे मला माहीत होतं.

"काय झालं काकाजी?" मी विचारलं.

"खोटी माहिती भरली रे मी," ते म्हणाले. "पोरीले जेवलो म्हणून लिहून देल्लं. आता ते खरं करा लागन." मग मान खाली घालून, हळूच म्हणाले, "तुह्या घरी सैपाक झाला असन काय?"