फोटोत आजोबा कुठायत?

"माझ्या वाढदिवसाला मला काहीही नको," सुट्टी लागायच्या आधीच आजोबांनी सगळ्यांना फोनवर ठणकावलं होतं. "स्वेटर नको, घड्याळ नको. सगळ्यांचा एक फोटो हवा. आणि त्यात मी हवा!"

मागणी साधी होती, पण तिच्यामागे केवढा संताप होता! आजोबांनी जन्मभर फोटो स्टुडिओ चालवला. घरातली लग्नं, सहली, सगळं त्यांच्याच कॅमेऱ्यातून गेलं. परिणाम असा, की घरच्या अल्बममध्ये शेजाऱ्यांचा कुत्रासुद्धा होता आणि आजोबा कुठेच नव्हते. मध्यंतरी धाकट्या नातीने घरच्यांचा फोटो शाळेत नेला, तर बाईंनी तिला जवळ घेऊन हळूच विचारलं, "आजोबा कधी गेले गं?"

"गेले म्हणे! कुठे गेले? फोटो काढत होतो मी!" आजोबा अजूनही धुमसत होते.

म्हणून ऐंशीव्या वाढदिवशी बैठकीच्या खोलीत सगळं खानदान मांडलं गेलं. मधल्या खुर्चीत आजोबा, शेजारी आजी. जावयाने स्टँडवर कॅमेरा चढवला.

"मागे काचेचं कपाट आहे," आजोबा लगेच गुरगुरले. "काचेत फोटो काढणारा दिसतो. शिकाऊ पोरालासुद्धा कळतं हे!"

"काढणारा कोणी नाहीच ना, बाबा. टायमर लावलाय," जावई म्हणाला.

"आणि दुसरीकडे एवढी माणसं मावणार कुठे?" आजींनी विषय मिटवला.

कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकू लागला. तेवढ्यात आजोबांना थोरल्या मुलाची हनुवटी दिसली. "खाली घे ती!" म्हणत ते उठले आणि फोटोत त्यांची पाठ आली. दुसऱ्या वेळी खिडकीचा उजेड सुनेच्या डोळ्यांत जात होता. पडदा ओढायला गेलेल्या आजोबांचं फक्त कोपर आलं.

"बाबा, एका जागी बसा ना जरा!" थोरला वैतागला. "खाली टॅक्सी येऊन उभी आहे. आमची गाडी चुकेल."

"बसतो की! पण कॅमेरा कुठे बघतोय ते आधी बघा! सगळ्यांची पोटं येतायत नुसती. लोकांना सरळ उभं करता करता माझी हाडं झिजली आणि माझ्याच घरात हा गोंधळ? सर तू बाजूला!"

जावयाला रांगेत ढकलून आजोबांनी कॅमेऱ्याला डोळा लावला. कॅमेरा वर घेतला, किंचित डावीकडे वळवला. सगळे एकदम गप्प झाले, लहानपणापासून व्हायचे तसे.

"हलू नका. हसा!"

क्लिक.

"याला म्हणतात फोटो!" आजोबा खूश झाले. टाळ्या झाल्या, नमस्कार झाले, बॅगा उचलल्या गेल्या आणि टॅक्सी निघूनही गेली.

मग सुट्टीभर राहायला आलेल्या धाकट्या नातीने कॅमेऱ्यात डोकावून पाहिलं. "आजोबा, यात तुम्ही कुठायत?"

मधली खुर्ची रिकामी होती. आजोबा त्याच खुर्चीत मटकन बसले.

"ऐंशी वर्षांचा गाढव मी!" ते म्हणाले. आणि मग आजींवर उखडले, "पण तुला शेजारची रिकामी खुर्ची दिसू नये?"

"दिसली की. मला वाटलं, येताय तुम्ही," आजी शांतपणे म्हणाल्या. "आपल्या लग्नाच्या फोटोतसुद्धा मला हेच वाटलं होतं."

नात मात्र बटणं दाबून फोटो मोठा करत बसली होती. "अय्या! आजीच्या डोक्यावर बघा, कपाटात!"

काचेत, कपबशांच्या रांगेत, आजोबा होते. वाकलेले, एक डोळा मिटलेला, एक हात वर. आणि सगळ्यांपेक्षा जास्त हसत होते. 'हसा' म्हणताना ते स्वतः असे हसतात, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

आजोबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"काचेत काढणारा दिसतोय!" ते कडाडले. "असला फोटो मी गिऱ्हाइकाला दाखवलासुद्धा नसता!"

"मग टाकू पुसून?"

"खबरदार हात लावशील तर!" आजोबांनी कॅमेरा छातीशी धरला. "चांगला मोठा करून घ्यायचा. आणि एक प्रत तुझ्या त्या बाईंना नेऊन दे!"